फिलिंग किडत नाही, मग त्याच्याखाली कीड कशी?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझ्या खालच्या डाव्या दाढेत पांढरं सिमेंट भरलं होतं. आता त्याच्या कडेला बारीक तपकिरी रेघ दिसते, जीभ फिरवली की खरखरीत लागतं आणि शेजारच्या दाढेमधल्या फटीत फ्लॉस घातला की त्याचे धागे निघतात. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फिलिंगच्या खालच्या कडेला, हिरडीजवळ, कीड वाटतेय म्हणाले. ते काढून पुन्हा भरावं लागेल, शिवाय वरच्या दाढेतल्या फिलिंगचा रंग बदललाय तर तेही बदलून टाकू, असं सुचवलं. दात किडतो हे कळतं, पण प्लास्टिकसारख्या निर्जीव पदार्थाला जंतू चिकटतातच कसे? त्यात त्यांना खायला काय मिळतं? सासूबाईंची चांदी पंचवीस वर्षं टिकली आहे. त्या म्हणतात, चांदीच भरून घे. जंतू चिकटणारच नाहीत असं एखादं मटेरियल निघालंय का? मी दोनदा ब्रश करते, काही महिन्यांपासून जंतुनाशक माउथवॉशही रोज वापरते. ॲलर्जीची रोजची गोळी सोडली तर दुसरं कसलं औषध नाही.
— एक वाचक

उत्तर : ‘खायला काय मिळतं?’ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे. फिलिंगमधून त्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यांना राहायला जागा हवी असते, ती फिलिंग देतं. खाणं तुमच्या तोंडात दिवसभर येतच असतं.

आणि चिकटण्याबद्दल म्हणाल, तर जंतू फिलिंगला थेट चिकटतच नाहीत. ब्रश करून, खळखळून चूळ भरून दात लख्ख केले तरी काही सेकंदांत लाळेतली प्रथिनं त्यांवर बसायला लागतात. काही मिनिटांत दहा-वीस नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो. त्याला पेलिकल म्हणतात. तो एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर बसतो, सिमेंटवर बसतो, चांदीवर, सिरॅमिकच्या कॅपवर, कवळीवर, कुठेही बसतो. तो वाईट नाही. दात एकमेकांवर घासतात तेव्हा वंगणाचं काम करतो आणि आम्लाचा पहिला मारा थोडाफार झेलतो. पण याच प्रथिनांना पकडणारे रेणू जंतूंच्या अंगावर असतात, त्यांना ॲडहेसिन म्हणतात. जंतू येऊन टेकेपर्यंत तुमच्या प्लास्टिकवर तुमच्याच लाळेचं अस्तर चढलेलं असतं, आणि त्याची गाठ पडते ती या अस्तराशी. खाली कोणता पदार्थ आहे त्यावर कोणतं प्रथिन किती बसेल हे थोडं बदलतं, पण पापुद्रा बसतच नाही असा पदार्थ तोंडात नाही.

जंतू लाळेबरोबर वाहत येतो. त्याच्या अंगावर ऋण प्रभार असतो, पेलिकलवरही बहुतेक ऋणच, म्हणून दोघं एकमेकांना दूर ढकलतात. लाळेतल्या क्षारांमुळे हा जोर कमी पडतो आणि अगदी जवळ आलं की व्हॅन डर वाल्स बलं जंतूला ओढून घेतात. इथवरची पकड कच्ची असते. लाळेचा ओघ किंवा जिभेचा एक फटकारा पुरतो, गडी सुटून पोटात जातो. तिथेच टिकून राहिला तर मग ॲडहेसिन आणि प्रथिनाची जोडी जुळते आणि पकड पक्की होते. सुरुवातीला येणारे बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस कुळातले सॅंग्विनिस, ओरॅलिस, मायटिस. ही मंडळी तशी निरुपद्रवी. पुढचे जंतू यांच्या अंगावर येऊन चिकटतात आणि दिवसभर ब्रश लागला नाही तर नखाने खरवडता येईल असा पांढरट थर होतो. अँटनी व्हॅन लेवेनहूकने १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले ते जिवंत सूक्ष्म प्राणी त्याने स्वतःच्या दातांवरच्या अशाच थरात पाहिले होते.

पकड कच्ची असताना जंतू टिकतो की वाहून जातो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि इथेच तुमच्या जिभेला लागणारा खरखरीतपणा महत्त्वाचा ठरतो.

अशी कल्पना करा की फिलिंगवर दोन-तीन मायक्रोमीटर रुंदीचा ओरखडा आहे. जंतूचा व्यास अर्धा ते एक मायक्रोमीटर. म्हणजे तो त्या चरीत सहज मावतो. वरून लाळ वाहते पण चरीच्या तळाशी तिचा ओघ पोचत नाही, त्यामुळे कच्ची पकड पक्की व्हायला त्याला निवांत वेळ मिळतो. आता ब्रश. त्याचा मऊ केससुद्धा साधारण १५० ते २०० मायक्रोमीटर जाड असतो. तो चरीच्या तोंडावरून निघून जातो, आतल्या जंतूला धक्काही लागत नाही. वरचा थर निघाला तरी तळाशी बियाणं शिल्लक राहतं आणि काही तासांत थर पुन्हा उभा राहतो. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या दंतसंशोधकांनी १९९७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन एक मर्यादा मांडली, ती आजही आमच्या क्षेत्रात प्रमाण मानतात : सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की थर जास्त साचतो, आणि त्याच्याखाली कितीही गुळगुळीत केलं तरी आणखी फायदा होत नाही. पदार्थ कोणता, पाणी धरणारा की झटकणारा, याचाही परिणाम होतो, पण खडबडीतपणापुढे तो फिका पडतो. तुमच्या जिभेला फरक कळतोय म्हणजे ही मर्यादा बहुधा ओलांडली गेली आहे.

पांढरं फिलिंग खरखरीत होतं कसं, तेही पाहू. ज्याला आपण सिमेंट म्हणतो ते बहुतेक वेळा कॉम्पोझिट असतं : रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, आणि त्यात काचेची किंवा सिलिकाची बारीक पूड. रेझिन मऊ, पूड कडक. चावून आणि घासून वर्षानुवर्षं रेझिन झिजतं, पुडीचे कण उघडे पडतात, काही निखळून तिथे खड्डा राहतो. ही झाली सावकाश होणारी झीज. पण बऱ्याच फिलिंगचा पृष्ठभाग पहिल्या दिवसापासूनच खडबडीत असतो. फिलिंग घट्ट व्हावं म्हणून लाइट मारताना सेल्युलॉइडची पट्टी दाबून धरली की तिच्याखाली काचेसारखा पृष्ठभाग मिळतो, मात्र चावताना फिलिंग उंच लागू नये म्हणून ते बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, घासावं लागतं आणि तो काचेसारखा पृष्ठभाग जातो. मग जाड, मध्यम, बारीक अशा क्रमाने डिस्क फिरवायच्या, शेवटी पॉलिशिंग कप. काही मिनिटांचं काम. घाईच्या दिवशी नेमकं हेच उरकलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पेशंट कधी त्याबद्दल विचारत नाही कारण आरशात फिलिंग छानच दिसत असतं.

आता साखर. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स वेगळा काढला. दात किडवणारा तो एकटाच नाही, पण त्याची एक करामत खास आहे. नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, मिळाली की त्याची एन्झाइम तिच्यापासून ग्लुकान नावाचा चिकट, पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनवतात. त्यामुळे थर दाट होतो, फिलिंगवर घट्ट बसतो आणि आत तयार झालेलं आम्ल मारायला लाळेला तिथवर पोचू देत नाही. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांत थरातला पीएच खाली येतो (पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. आतलं डेंटिन त्याच्याही आधी, पीएच सहाच्या थोडा वर असतानाच. परत पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसात कितीदा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. गोड चहा-कॉफी घोट-घोट करत तासभर पुरवणाऱ्यांचा पीएच तासभर वर येतच नाही.

या आम्लाचा कॉम्पोझिटवर फारसा परिणाम होत नाही, तो होतो शेजारच्या दातावर. दात विरघळताना निदान कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडतो, त्याने आम्ल जरासं मरतं. कॉम्पोझिट काहीच देत नाही, त्यामुळे त्याच्या अंगावरच्या थरात आम्ल जास्त वेळ टिकतं. शिवाय लाळेतली आणि म्युटन्सची स्वतःची एस्टरेज नावाची एन्झाइम रेझिन अगदी हळूहळू कुरतडतात, विशेषतः दात आणि फिलिंग जोडणारा बाँडिंगचा बारीक पदर. ‘जवळजवळ काहीच मिळत नाही’ असं वर लिहिलं त्यातलं ‘जवळजवळ’ यासाठी.

खरी अडचण नेहमी या सांध्यावरच होते. भिंत कितीही पक्की असली तरी ओल शिरते ती जोडातून, तसंच. लाइट मारून घट्ट होताना कॉम्पोझिट घनफळाने साधारण दोन-तीन टक्के आक्रसतं. एनॅमलला त्याची पकड चांगली असते, पण दोन दाढांच्या मधे, खाली हिरडीजवळ, एनॅमल पातळ असतं किंवा नसतंच. तिथे डेंटिनला चिकटावं लागतं, तेही लाळ आणि हिरडीतून येणारा ओलावा सांभाळत. म्हणून जुन्या फिलिंगशेजारची नवी कीड बहुतेक वेळा तिथेच सापडते. लॅक्टोबॅसिलससारखे जंतू गुळगुळीत जागेवर नीट टिकतच नाहीत, त्यांना अशी अडचणीची फट लागते, आणि एकदा शिरले की तिथल्या आम्लात ते मजेत राहतात.

सासूबाईंचं म्हणणं पूर्ण चूक नाही. चांदीत, म्हणजे अमाल्गममध्ये, जवळपास निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. त्यातून सतत थोडे थोडे धातूचे आयन सुटतात आणि ते जंतूंना मानवत नाहीत. थर तिच्यावरही चढतो, बऱ्यापैकी जाड चढतो, पण त्यातले बरेचसे जंतू मेलेले असतात. सोन्यावरही तसंच. उलट चकचकीत सिरॅमिकवर थर पातळ पण त्यातले जंतू धडधाकट. त्यात चांदीची आणखी एक जमेची बाजू : ती हळूहळू गंजते आणि तो गंज कडेची फट भरून टाकतो. मागच्या दाढांमध्ये कॉम्पोझिटशेजारी पुन्हा कीड लागण्याचं प्रमाण चांदीपेक्षा जास्त आढळलेलं आहे. मात्र चांदी दाताला चिकटत नाही, ती अडकून राहावी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २०१३ च्या मिनामाता कराराने तिचा वापर कमी करत जायचं ठरवलं आणि युरोपीय संघाने २०२५ पासून मोजके अपवाद वगळता ती बंद केली. आणि जाता जाता : पंचवीस वर्षं टिकलेल्या चांदीची गोष्ट घरात सांगितली जाते, पाचव्या वर्षी निखळलेलीची कोणी सांगत नाही. सासूबाईंची चांगली असेल तर तिला मुळीच हात लावू नका. तुम्ही केवळ जंतूंच्या भीतीने नव्याने चांदी भरून घ्यावी, असं मात्र मी म्हणणार नाही.

ग्लास आयनोमर हा तिसरा पर्याय. विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तो तयार केला. यातून फ्लोराइड सुटतं, पहिल्या एक-दोन दिवसांत भरपूर, नंतर बेताचं, आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड शोषून तो पुन्हा थोडा थोडा सोडत राहतो. तो कॉम्पोझिटइतका गुळगुळीत होत नाही, झिजतोही लवकर, त्यामुळे चावण्याचा दाब येतो त्या जागी मी तो सुचवणार नाही. पण हिरडीलगत, जिथे कोरडं ठेवणंच मुश्कील, तिथे तळाला आयनोमर आणि वर कॉम्पोझिट असं भरता येतं. तुमच्या दाढेला हे चालेल का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

जंतू चिकटणारच नाहीत असं मटेरियल? नाही. जपानच्या सातोशी इमाझातो यांच्या गटाने एमडीपीबी नावाचा, जंतूंना मारणारा रेणू रेझिनमध्येच बांधला आणि तो असलेलं बाँडिंग बाजारात आलेलंही आहे. अडचण अशी की तो स्पर्शाने मारतो. वर पेलिकल बसलं की स्पर्श कमी होतो, आणि जे मरतात त्यांची प्रेतं तिथेच चिकटून राहतात. पुढचे जंतू त्या प्रेतांवर बसतात, खालपर्यंत पोचतच नाहीत. पोकळी साफ करताना मागे राहिलेल्या जंतूंसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. ‘अँटीबॅक्टेरियल फिलिंग’ म्हणून जास्त काही खपवलं जात असेल तर भुलू नका.

आता तुमच्या दाढेचं काय करायचं. फ्लॉसचे धागे निघणं हे मला तपकिरी रेघेपेक्षा गंभीर वाटतं. त्याचा अर्थ दोन दाढांच्या मधे फिलिंगची कड एकतर बाहेर आली आहे, नाहीतर तुटून फट पडली आहे, आणि एक्स-रेत काळं दिसतंय तेही तिथेच. तेव्हा खालचं फिलिंग उघडावं लागेल हे डॉक्टरांचं म्हणणं बहुधा बरोबर आहे. एकच शंका विचारून घ्या : काही बाँडिंग एक्स-रेत काळी दिसतात आणि कोपऱ्यात साचली तर कीड असल्याचा भास होतो, जुन्या एक्स-रेशी ताडून पाहता येईल का?

नव्याने भरताना रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावणार का, हे विचारा, कारण लाळ लागलेल्या दाताला बाँडिंग नीट पकडत नाही. दोन दाढांमधे पट्टी घालून खालून पाचर ठोकतात, ती घट्ट बसली नाही तर सिमेंट हिरडीकडे सरकतं आणि कड बाहेर येते. तुमचं मागच्या वेळी तेच झालं असावं. खुर्चीवरून उठण्याआधी तिथे फ्लॉस घालून दाखवायला सांगा. तो टक्कन आत जायला हवा आणि न फाटता बाहेर यायला हवा. आणि पॉलिश केल्याशिवाय उठू नका. यात संकोच करण्यासारखं काही नाही, चांगल्या डॉक्टरला असा पेशंट आवडतो.

वरच्या दाढेचं फिलिंग मात्र केवळ रंगासाठी बदलू नका. कडेचा डाग म्हणजे कीड नव्हे. तिथे फ्लॉस सरळ जात असेल, दुखत नसेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर ते नुसतं पॉलिश करून घेता येतं. एखादी कड तुटली असेल तर तेवढाच तुकडा काढून नवीन जोडता येतो. फिलिंग पूर्ण काढलं की प्रत्येक वेळी थोडा चांगला दातही जातो, खड्डा मोठा होतो. दोन-तीनदा असं झालं की पाळी रूट कॅनॉल आणि कॅपवर येते.

तुमच्या माउथवॉशच्या बाटलीवर क्लोरहेक्सिडिन लिहिलंय का ते बघा. असेल तर ती तपकिरी रेघ निदान काही अंशी त्याचीच देणगी असू शकते. ते दातांना आणि खरखरीत फिलिंगच्या कडांना डाग पाडतं, म्हणूनच ते डॉक्टरांनी सांगितलेल्या ठरावीक दिवसांपुरतं वापरायचं असतं, महिनोन्‌महिने नव्हे. एरवीही माउथवॉश थराच्या वरच्या भागापुरतं पोचतं, फटीतल्या जंतूला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या पैशांत इंटरडेंटल ब्रश घ्या आणि रात्री फटींमधून फिरवा. टूथपेस्ट १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची, आणि ब्रश झाल्यावर फक्त थुंका, चूळ भरून फ्लोराइड वाहून घालवू नका. कोळशाची किंवा दात चकाचक करणारी खरखरीत पावडर फिलिंगवर ओरखडे पाडते, ती नको. दात साफ करून घ्यायला जाल तेव्हा कुठे कुठे फिलिंग आहे ते आधी सांगा : अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक आणि सोड्याचा फवारा कॉम्पोझिटवर चरे उमटवू शकतात. फ्लोराइड जेल लावणार असतील तर आम्लयुक्त नको, न्यूट्रल लावा म्हणा; आम्लयुक्त जेल फिलिंगमधली काच खरवडतं.

राहता राहिली ॲलर्जीची गोळी, जिचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. या गटातल्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते, जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी जास्त. कच्ची पकड सोडवणारी, आम्ल मारणारी लाळच कमी पडली तर उत्तम पॉलिश केलेलं फिलिंगही फार काळ तग धरणार नाही. सकाळी उठल्यावर तोंड कोरडं पडतं का, कोरडा घास गिळताना पाणी लागतं का? तसं असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ती दिली त्यांना विचारा, बदलता किंवा कमी करता येते का. आणि दाढ उघडण्याआधी दातांच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.